पॅच टेस्ट

त्वचेला नेमक्या कोणत्या पदार्थाच्या स्पर्शाने ॲलर्जी होते, हे शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ करतात ती चाचणी. मराठीत तिला पट्टी चाचणी असेही म्हणतात. खोट्या दागिन्यांनी कानाची पाळी चिघळणे, केसांना कलप लावल्यावर पापण्या सुजणे, गवंड्याच्या हातांना भेगा पडून खाज सुटणे अशा तक्रारींत तिचा उपयोग होतो. शिंका, दमा किंवा अंगावर पित्त उठणे यांसाठी सुई टोचून करतात ती प्रिक टेस्ट वेगळी. तिचा निकाल १५-२० मिनिटांत दिसतो. स्पर्शाची ॲलर्जी टी-पेशींमुळे (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे) होते आणि अंगावर उमटायला दोन-तीन दिवस घेते, म्हणून ही चाचणीही सावकाश चालते.

चाचणीचे जनकत्व जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांच्याकडे जाते. पाऱ्याच्या औषधाने काही रुग्णांच्या अंगावर पुरळ येते हे पाहून, तोच पारा त्वचेच्या छोट्या भागावर लावून त्यांनी ते १८९५ मध्ये दाखवून दिले. कल्पना आजही तीच आहे: रोग मुद्दाम, पण रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान जागेत उमटवायचा.

संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात, बहुधा पांढऱ्या व्हॅसलीनमध्ये मिसळून, सुमारे ८ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांत भरतात आणि वाट्यांची चिकटपट्टी पाठीच्या वरच्या भागावर लावतात. पट्टी ४८ तास ठेवायची असते. तोवर पाठ भिजवायची नाही, घामही येऊ द्यायचा नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात हे सांगणे सोपे, पाळणे अवघड. पट्टी काढल्यावर पहिली पाहणी होते आणि ७२ किंवा ९६ तासांनी दुसरी. ही दुसरी फेरी अनेक रुग्ण टाळतात, आणि खरे उत्तर पुष्कळदा तिच्यातच असते. नुसत्या जळजळीची लाली तोवर ओसरू लागते, ॲलर्जीची मात्र फुगून वर येते. निओमायसिन (मलमांतले एक प्रतिजैविक) आणि स्टेरॉइडची मलमे यांची प्रतिक्रिया सातव्या दिवशीही दिसू शकते. सूज, पुटकुळ्या आणि फोड यांवरून एक ते तीन अधिक चिन्हे देतात.

भारतासाठी पदार्थांचा स्वतंत्र संच आहे. निकेल (दागिने, पँटचे बटण), पोटॅशियम डायक्रोमेट (सिमेंट, कमावलेले चामडे), पॅराफिनिलीनडायअमीन (कलप, काळी मेंदी), रबरातील रसायने (चप्पल, हातमोजे), सुगंधी द्रव्ये हे त्यातले नेहमीचे. गाजरगवताला त्यात जागा मिळाली, याचा धागा महाराष्ट्राशी जुळतो. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण, म्हणजेच काँग्रेस गवत, पुढे देशभर पसरले. त्याचे सुकलेले कण हवेतून चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीत बसतात. त्यामुळे गवताला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो आणि कित्येकदा तो उन्हाचा समजला जातो.

अधिक चिन्ह आले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. निकेलची प्रतिक्रिया आलेल्या बाईच्या पायावरचे चट्टे चपलेच्या रबराचेही असू शकतात. म्हणून रुग्ण काय काम करतो, काय वापरतो, सुट्टीत त्रास कमी होतो का, याची चौकशी चाचणीइतकीच महत्त्वाची. उलट, टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलमुळे कपाळावर पांढरा डाग पडतो तेव्हा चाचणी नकारात्मकही येऊ शकते. कारण हे रसायन ॲलर्जीशिवायही रंगपेशींना मारते.

पाठीवर स्टेरॉइडचे मलम लावलेले असेल किंवा पोटात स्टेरॉइडची मोठी मात्रा चालू असेल, तर प्रतिक्रिया दबते. इसब भडकलेले असताना चाचणी केली तर पाठ सरसकट लाल होऊन खोटे होकार मिळतात. रुग्ण घरून आणतात त्या क्रीमची किंवा तेलाची परीक्षा हाताच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून करता येते. कपड्यांचा साबण, फिनेल असले दाहक पदार्थ मात्र जसेच्या तसे पट्टीखाली घालत नाहीत. बिब्ब्याचे तेल तर नाहीच; ॲलर्जी नसलेल्यालाही त्याने भाजल्यासारखे फोड येतात.