किरणांच्या आधी पोहोचायला हवे

कॅन्सरवर रेडिएशन सुरू झाले की रुग्णाला ताकद यावी म्हणून घरचे लोक व्हिटॅमिन ई किंवा ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेल्या गोळ्या आणतात. ही समजूत निराधार नाही, पण तिच्यामागचा इतिहास अर्धाच कळला तर घातही होऊ शकतो.

1949 मध्ये अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेत हार्वे पॅट आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल टोचले आणि मग क्ष-किरणांचा मारक डोस दिला. बरेच उंदीर वाचले. किरणांनंतर टोचलेले सिस्टीन मात्र वाया गेले. असे का? पेशीत मुख्यतः पाणी असते. किरणांनी ते फुटले की हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे पाण्याच्या रेणूचे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागात शेजारच्या रेणूवर, कधी थेट डीएनएवर, आदळतात. त्यांना अडवणारा रेणू, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, तिथे आधीच हजर लागतो.

1954 मध्ये अर्जेंटिनाच्या रेबेका गर्शमन यांनी मांडले की शुद्ध ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा, दोन्हींमागे हेच रॅडिकल आहेत. जिवंत शरीरात रॅडिकल असतात हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हते. या साऱ्या कहाणीतले सर्वांत धाडसी पाऊल मला हेच वाटते. शरीर स्वतःच रॅडिकल निकामी करणारे एन्झाइम बाळगते, हे मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवले ते 1969 मध्ये.

दरम्यान अणुयुद्धाच्या धास्तीने, किरणांपासून वाचवणारे औषध शोधण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने चार हजारांहून अधिक संयुगे तपासली. त्यांतून ॲमिफोस्टिन निघाले. ते शिरेतून द्यावे लागते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. रणांगणावर त्याचा उपयोग नव्हता. कॅन्सरच्या उपचारात मात्र त्याला जागा मिळाली. त्याला सक्रिय करणारे एन्झाइम निरोगी पेशींत भरपूर आणि गाठीत कमी असते, म्हणून संरक्षण निरोगी पेशींना अधिक मिळते. रेडिएशनने तोंड कोरडे पडू नये यासाठी 1999 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

साध्या व्हिटॅमिनच्या गोळीला असा भेद करता येत नाही. कॅनडातील क्वेबेकमध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या 540 रुग्णांवर व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीनची चाचणी झाली. तीव्र दुष्परिणाम कमी झाले, पण पुढच्या विश्लेषणात, रेडिएशनच्या काळात धूम्रपान चालू ठेवलेल्या रुग्णांत गोळ्या घेणाऱ्यांचा कॅन्सर अधिक प्रमाणात उलटल्याचे दिसले. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर इतका आढळणाऱ्या आपल्या भागात, अशी कोणतीही गोळी सुरू करण्यापूर्वी रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.