अठरा वर्षांखालच्या मुलाला मानसोपचारासाठी दाखल करताना: बडोद्यातल्या पालकांसाठी

बडोद्यात ‘कारेलीबागला नेलं’ म्हटलं की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय तिथे आहे, आणि ‘गांडानुं दवाखानुं’ हे त्याचं जुनं नाव काही लोकांच्या तोंडून जात नाही. या धाकानं काही घरं फार उशीर करतात. उलट काही जण ‘पोरगं अजिबात ऐकत नाही, आठवडाभर ठेवून घ्या’ म्हणत येतात. तसं ठेवून घेता येत नाही.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 87 अल्पवयीनांना रुग्णालयात दाखल करण्याबद्दल आहे. सरकारी असो वा खासगी, नियम तोच. दोन तज्ज्ञ मुलाला स्वतंत्रपणे तपासतात. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, दुसरा मानसोपचारतज्ज्ञ, मानसिक आरोग्य व्यावसायिक (जसा नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ) किंवा डॉक्टर चालतो. तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. आजार दाखल करण्याइतका तीव्र आहे का, दाखल होण्यात मुलाचं हित आहे का, ही गरज बाहेर राहून भागणारच नाही का, आणि घरी राहून करायचे उपाय थकले किंवा उघडच निरुपयोगी आहेत का, या चारही प्रश्नांना दोघांचं ‘हो’ लागतं. मुलाची स्वतःची इच्छाही विचारात घ्यायची असते.

प्रत्यक्षात ही वेळ कशामुळे येते? बहुतेकदा जिवाच्या धोक्यामुळे: आत्महत्येचा प्रयत्न, किंवा तसं बोलणं आणि तयारी. त्याखालोखाल भास-भ्रम, कित्येक रात्री झोप नसलेला उन्माद, खाणं-पिणं बंद होणं, दुसऱ्याला इजा करण्याइतका संताप, व्यसनातून चिघळलेला आजार. घरी चोवीस तास लक्ष ठेवायला कोणी आहे का, हेही डॉक्टर विचारतात. नोकरीवाल्या आईवडिलांना हा प्रश्न टोचतो, पण तो दोष देण्यासाठी नसतो. दहावीत कमी मार्क, मोबाईलवरून भांडण किंवा घरच्यांना न पटणारं प्रेमप्रकरण ही एवढ्यावरच दाखल करण्याची कारणं नाहीत. समाजाच्या रीतीत न बसणं म्हणजे आजार नव्हे, असं कायदाच म्हणतो. नुसती बौद्धिक अक्षमताही या कायद्याच्या आजाराच्या व्याख्येत येत नाही.

अर्ज कायदेशीर पालकानं करायचा. काका, मामा, आत्या कितीही जवळचे असले तरी त्यांची सही पालकाची ठरत नाही. आईवडील विभक्त असतील तर ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश, आणि पालक दुसरं कोणी असेल तर त्या नेमणुकीचा कागद जवळ ठेवा. बाकी मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, असल्यास आयुष्मान कार्ड किंवा विमा पॉलिसी. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं कलम 21 सांगतं. जुने केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटं मात्र विसरू नका. ‘एक पांढरी गोळी सकाळी’ यावरून कोणालाच काही कळत नाही.

आता बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट. पालकानं, किंवा पालकानं नेमलेल्या माणसानं, मुलाजवळ पूर्ण मुदत राहायचं असतं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत बाईमाणूस हवंच. इथे आत्या-मावशी कामाला येतात. तेव्हा रजा आणि पाळ्या आधीच ठरवा. मुलांना मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे.

दाखल केल्याची खबर 72 तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवायला याच कायद्यानं नेमलेल्या मंडळाला, जाते. मुक्काम 30 दिवसांवर गेला तर मंडळाला लगेच कळवावं लागतं, आणि ते सात दिवसांत फेरविचार करतं, पुढे दर 30 दिवसांनी. उपचार पालकाच्या संमतीनं होतात. विजेचे उपचार (ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देणं) अल्पवयीनांना सहसा मनाच आहेत. अगदी गरज पडली तर पालकाची संमती आणि मंडळाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात. तुम्ही घरी न्यायचं म्हटलंत तर मुलाला सोडावं लागतं, म्हणून ही मागणी रागाच्या भरात करू नका. तिथे असताना अठरा पूर्ण झाली, की पुढचे निर्णय त्याचे स्वतःचे.

जीव धोक्यात असेल तर कागद गोळा करत बसू नका. 108 ला फोन करा किंवा सयाजी रुग्णालय गाठा. तातडीचे उपचार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत देऊ शकतो. नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 रात्रीही चालू असतो.