अभिसंधान आणि निरीक्षण यांतून घडणारे वर्तन

अनुभवामुळे वर्तनात होणाऱ्या आणि बऱ्यापैकी टिकून राहणाऱ्या बदलाला मानसशास्त्रात अध्ययन म्हणतात. थकवा, आजार, औषध किंवा नुसती वयवाढ यांमुळे पडलेला फरक त्यात धरत नाहीत. या बदलाच्या तीन वाटांचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. दोन घटना एकीमागून एक येतात हे कळणे म्हणजे अभिजात अभिसंधान. केलेल्या कृतीचा जो परिणाम होतो त्यानुसार ती कृती बळावणे किंवा मंदावणे म्हणजे साधक अभिसंधान. दुसऱ्याला पाहून शिकणे म्हणजे निरीक्षणात्मक अध्ययन. तिन्हींत शिकणारा कशापाठोपाठ काय येते याचा हिशेब ठेवत असतो. शिकवणाऱ्याच्या मनात काय होते, याची त्या हिशेबात नोंद होत नाही. प्रत्यक्षात काय घडले, तेवढीच होते. शिकवणे फसते तेव्हा त्याचे कारण बहुतेक वेळा या फरकात सापडते.

अभिजात अभिसंधान

इव्हान पाव्हलॉव्ह हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पचनक्रियेवरील कामासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कामातच एक अडचण पुढे आली होती. अन्न तोंडात पडण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्यांना लाळ सुटायची. पाव्हलॉव्ह यांनी ही अडचणच अभ्यासाचा विषय केली. कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी शस्त्रक्रियेने गालाबाहेर आणली, म्हणजे थेंब मोजता येत. मेट्रोनोम या ताल देणाऱ्या यंत्राची टिकटिक ऐकवायची आणि लगेच अन्न द्यायचे. अशा अनेक जोड्यांनंतर नुसत्या टिकटिकीलाही लाळ येऊ लागली. घंटेचीच गोष्ट लोकांच्या तोंडी रुळली आहे. प्रयोगशाळेत मात्र मेट्रोनोम, बझर, दिवा, त्वचेला स्पर्श अशी अनेक उद्दीपके, म्हणजे प्रतिसाद जागवणाऱ्या गोष्टी, वापरली जात.

येथे अन्न हे अनभिसंधित उद्दीपक, कारण त्याने लाळ सुटायला शिकावे लागत नाही. टिकटिक आधी तटस्थ होती. जोड्यांनंतर ती अभिसंधित उद्दीपक झाली. तिला येणारी लाळ हा अभिसंधित प्रतिसाद.

क्रम आणि वेळ यांना फार महत्त्व आहे. इशारा आधी आणि अन्न नंतर, हाच क्रम चालतो. अन्न खाऊन झाल्यावर टिकटिक ऐकवली, तर जवळपास काहीच शिकले जात नाही. डोळ्यावर हवेचा झोत सोडून पापणी मिटण्याचे अभिसंधान करताना आवाज झोताच्या सुमारे पाव ते अर्धा सेकंद आधी द्यावा लागतो. अंतर काही सेकंदांवर गेले की शिकणे लडखडते.

मात्र दोन गोष्टी जवळजवळ आल्या की जोडल्या जातात, एवढ्यावर हा विषय संपत नाही. रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये दाखवले की आवाज असताना आणि नसतानाही उंदरांना सारख्याच प्रमाणात शॉक बसत असेल, तर त्यांना आवाजाची भीती बसत नाही. जोड्या तितक्याच झालेल्या असतात, पण आवाजावरून नवे काहीच कळत नसते. लिऑन कामिन यांचा प्रयोग याहून बोलका आहे. उंदरांना आधी आवाज आणि शॉक यांची जोडी पक्की शिकवली. मग आवाज आणि प्रकाश एकत्र देऊन त्यानंतर शॉक दिला. शेवटी प्रकाश एकटा दाखवला, तर उंदीर त्याला जवळपास घाबरलेच नाहीत. आवाजावरून शॉक आधीच कळत होता, म्हणून प्रकाश फुकट गेला. याला अवरोधन म्हणतात. रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये हे गणितात मांडले: अपेक्षा आणि वास्तव यांत जितका फरक, तितके अध्ययन. त्यामुळे पहिल्या काही जोड्यांत बदल झपाट्याने होतो आणि पुढे मंदावतो.

कोणतेही उद्दीपक कशाशीही सारखेच जोडले जात नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांना असे पाणी प्यायला दिले की पिताना चव, प्रकाश आणि आवाज तिन्ही एकदम येत. नंतर ज्यांना मळमळ झाली त्यांनी ती चव टाळली. ज्यांना शॉक बसला ते प्रकाश आणि आवाज टाळू लागले. चवीची नावड बसायला एकच प्रसंग पुरतो आणि खाणे व मळमळ यांत काही तास गेले तरी ती बसते. कर्करोगावरील औषधांच्या आधी खाल्लेला पदार्थ रुग्णाला पुढे नकोसा होतो, तो यामुळेच. हे औषधाने झाले हे त्याला पक्के ठाऊक असते; त्याने नावड जात नाही.

इशारा पुन्हापुन्हा अन्नाविना दिला की प्रतिसाद विरत जातो. हा विलोप. विलोप म्हणजे पुसले जाणे मात्र नव्हे. काही वेळ विश्रांती दिली की प्रतिसाद आपोआप थोडा परततो. शिकणे एका खोलीत आणि विलोप दुसऱ्या खोलीत झाला असेल, तर पहिल्या खोलीत जुना प्रतिसाद पुन्हा उभा राहतो. उपचारकक्षात गेलेली भीती घरी परतते, त्यामागे हेच आहे. म्हणून भीतीवरील उपचारांत तोच सराव वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी करून घेतात.

भीती बसते कशी याचा गाजलेला प्रयोग जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला. ‘अल्बर्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ११ महिन्यांच्या बाळाने पांढऱ्या उंदराला हात लावताच मागे पोलादी सळईवर हातोडा मारायचा, असे ७ वेळा केले. बाळ उंदीर दिसताच रडू लागले. पुढे ससा, कुत्रा आणि फरचा कोट यांनाही घाबरू लागले. बसवलेली भीती काढून टाकण्याआधीच बाळ रुग्णालयातून गेले. एकाच बाळावरचा आणि ढिसाळ मोजमापांचा हा प्रयोग आज कोणत्याही नीतिसमितीपुढे टिकणार नाही. खऱ्या कामाचा प्रयोग मेरी कव्हर जोन्स यांचा, १९२४ चा. सशाला घाबरणारा पीटर नावाचा मुलगा आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा त्याच्यापासून दूर ठेवला आणि पुढच्या बैठकांत थोडा थोडा जवळ आणला. शेवटी मुलगा सशाला कुरवाळू लागला. यात धोकाही आहे: ससा घाईने जवळ आणला, तर सशाची भीतीच खाण्याला चिकटू शकते.

साधक अभिसंधान

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून ती दोरी ओढून किंवा खटका दाबून बाहेर यायला किती वेळ घेतात ते मोजले. हा वेळ एकदम कोसळला नाही, चढउतार होत हळूहळू कमी झाला. मांजराला युक्ती ‘सुचली’ असती तर तसे दिसले नसते. समाधान देणारी कृती बळावते, हा त्यांचा परिणामाचा नियम. बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकात कळ, खाद्यपात्र आणि नोंदयंत्र असलेल्या पेटीत हे काम पुढे नेले.

संज्ञांचा घोळ येथे सर्वाधिक होतो. ‘धन’ म्हणजे काही मिळणे, ‘ऋण’ म्हणजे काही निघून जाणे. चांगले-वाईट असा त्यांचा अर्थ नाही. कृती वाढली तर प्रबलन, घटली तर शिक्षा. पट्टा लावल्यावर गाडीतला कर्कश आवाज थांबतो म्हणून आपण पट्टा लावतो, हे ऋण प्रबलन. त्याला शिक्षा म्हणणे ही परीक्षेत हमखास होणारी चूक. आणखी एक: बक्षीस म्हणून काय दिले यावरून प्रबलन ठरत नाही, कृती वाढली का यावरून ठरते. वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाला ओरडल्यावर गोंधळ वाढत असेल, तर ते ओरडणे त्याच्यासाठी प्रबलन आहे.

प्राण्याने कधीच न केलेली कृती बळावणार कशी? त्यासाठी वर्तन टप्प्याटप्प्याने घडवतात. उंदराला कळ दाबायला शिकवताना पहिल्या टप्प्यात कळीचा संबंधच नसतो. खाद्यपात्राचा ‘टक’ आवाज झाला की दाणा पडतो, एवढेच त्याला कळू द्यायचे. आवाज होताच तो धावत येऊ लागला की पुढचे काम सुरू. तोंड कळीकडे वळले की टक. मग वळणे पुरत नाही, एक पाऊल पुढे टाकायला हवे. मग कळीला नाक, मग पंजा, मग दाब. टक आवाज कृती घडत असतानाच व्हायला हवा. दोन सेकंदांच्या उशिराने उंदीर वळून अंग चाटत असेल, तर चाटणेच बळावते. बहुतेक अपयशांची कारणे तीन: टप्पा फार मोठा घेतला आणि प्राण्याने प्रयत्नच सोडला, एकाच टप्प्यावर इतका वेळ रेंगाळले की ती कृतीच घट्ट झाली, किंवा उंदराचे पोट भरले. अडले की एक टप्पा मागे जाऊन पुन्हा सुरू करतात.

शिकवताना प्रत्येक योग्य कृतीला प्रबलन देतात, टिकवताना ते विरळ करतात. ठरावीक संख्येनंतर दिले तर वेग चांगला राहतो, पण प्रत्येक प्रबलनानंतर थांबा येतो. ठरावीक वेळेनंतर दिले तर मुदत जवळ येईपर्यंत प्राणी निवांत असतो आणि शेवटी घाई करतो. बदलत्या संख्येनंतर दिले तर वेग मोठा आणि सलग असतो आणि प्रबलन थांबवले तरी वर्तन लवकर मरत नाही. जुगाराच्या यंत्राची रचना अशीच असते. बदलत्या कालावधीनंतर दिले तर वेग मध्यम पण एकसारखा राहतो.

घरोघरी फटका बसतो तो या विरळ प्रबलनामुळेच. झोपताना रडून आई-बाबांना पुन्हापुन्हा खोलीत बोलावणारे मूल घ्या. त्याला भूक, दुखणे किंवा भीती नाही याची खात्री करून पालक जायचे बंद करतात. पहिल्या रात्री रडणे कमी होण्याऐवजी वाढते, आवाज चढतो. हा विलोपाचा भडका अपेक्षितच असतो. चाळिसाव्या मिनिटाला बाबा धीर सुटून आत गेले, तर मुलाच्या हिशेबात नोंद होते की चाळीस मिनिटे रडावे लागते. आता वर्तन आधीपेक्षा चिवट झाले. एक दिवसाआड हार मानणे हे रोज लगेच जाण्यापेक्षा वाईट, कारण तेच विरळ प्रबलन. शेवटपर्यंत टिकून राहणे जमणार नसेल, तर विलोप सुरूच न करता ठरलेल्या वेळांना थोडक्यात आत जाऊन येणे बरे.

शिक्षेने वर्तन दबते, पण ती लगेच आणि दर वेळी झाली तरच. तेही शिक्षा देणारा समोर असेतो. त्याऐवजी काय करायचे हे तिच्यातून कळत नाही. जोडीला भीती, टाळाटाळ आणि खोटे बोलणे ही वर्तने बळावतात, कारण त्यांनी शिक्षा चुकते. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगात ज्या कुत्र्यांना शॉक काही केल्या टाळता येत नव्हता, त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे सहज टाळता येण्याजोग्या शॉकपुढेही हालचाल केली नाही.

बक्षिसालाही मर्यादा आहेत. स्किनर यांचे शिष्य केलर ब्रेलंड आणि मेरियन ब्रेलंड यांनी १९६१ मध्ये लिहिले की डबीत नाणी टाकायला शिकवलेले रकून नावाचे प्राणी पुढे ती एकमेकांवर घासत बसत. खाण्याबाबतची उपजत सवय शिकवलेल्या कृतीवर मात करत होती. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिले. नंतर मोकळ्या वेळात ही मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रंगपेनांशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड घटली नाही.

निरीक्षणातून अध्ययन

अल्बर्ट बांदुरा, डोरोथी रॉस आणि शीला रॉस यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुले घेतली. २४ मुलांसमोर एक प्रौढ हवेच्या बाहुल्याला हातोडीने मारत, लाथाडत, ठरावीक शब्द उच्चारत होता. २४ मुलांसमोरचा प्रौढ शांतपणे खेळला. उरलेल्या २४ जणांनी कोणालाच पाहिले नाही. मग सगळ्यांना आकर्षक खेळणी दाखवून काढून घेतली आणि दुसऱ्या खोलीत २० मिनिटे निरीक्षण केले. पहिल्या गटाने मारझोड तर जास्त केलीच, शिवाय तेच शब्द आणि त्याच हालचाली उचलल्या. बाहुला मारण्यासाठीच बनवलेला असतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे या प्रयोगातून खऱ्या हिंसेवर थेट उडी मारू नये. नव्या हालचाली कोणत्याही प्रबलनाविना शिकता येतात, एवढे मात्र तो ठामपणे दाखवतो.

बांदुरा यांचा १९६५ चा प्रयोग सिद्धांताच्या दृष्टीने जास्त मोलाचा. चित्रफितीतल्या प्रौढाला शेवटी शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी अनुकरण कमी केले. मग सांगितले की पाहिलेले करून दाखवाल तर बक्षीस मिळेल, आणि गटांतला फरक मावळला. सर्वांनी शिकले सारखेच होते. परिणामामुळे फरक पडला तो करण्यात. एडवर्ड टोलमन यांच्या भूलभुलैयातील उंदरांनीही १९३० मध्ये असेच दाखवले होते: दहा दिवस अन्नाविना भटकलेल्या उंदरांना अकराव्या दिवशी अन्न मिळाले आणि त्यानंतर त्यांच्या चुका एकदम घटल्या.

बांदुरा यांनी चार पायऱ्या सांगितल्या: लक्ष, धारणा (ध्यानात ठेवणे), पुनर्निर्मिती (स्वतः करून पाहणे) आणि प्रेरणा. अडचण कुठली आहे हे शोधायला त्या उपयोगी पडतात. गाठ मारायला समोरासमोर बसून शिकवले तर डावे-उजवे उलटे दिसते, शेजारी बसावे. सराईत हात इतका भरभर चालतो की पाहणाऱ्याचे लक्ष नेमक्या वळणावर पोहोचत नाही. प्रत्येक पायरी शब्दांत बोलून दाखवली की धारणा टिकते. पाहून सगळे कळले असे वाटते, पण बोटांना जमते का हे करून पाहिल्याशिवाय समजत नाही.

माणसाचे मूल अनुकरणात इतर प्राण्यांपेक्षाही कडवे. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये पेटीतून खाऊ काढण्याची रीत दाखवताना मुद्दाम काही निरर्थक हालचाली घातल्या. पेटी पारदर्शक असली की चिंपांझींनी त्या गाळल्या; तीन-चार वर्षांच्या मुलांनी सगळ्या केल्या. मूल मोठ्यांचे वागणे निरुपयोगी लकबींसकट उचलते, ते असे.

भीतीही पाहून शिकली जाते, पण निवडक. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांच्या अभ्यासात प्रयोगशाळेत वाढलेली माकडे दुसऱ्या माकडांना सापाला घाबरताना पाहून सापाला घाबरू लागली. चित्रफीत कापून-जोडून तीच भीती फुलांपुढे दाखवली तर ती बसली नाही.

भीती पाहून जातेही. बांदुरा, जोन ग्रुसेक आणि फ्रान्सिस मेनलव्ह यांनी १९६७ मध्ये कुत्र्याला घाबरणाऱ्या लहान मुलांना त्यांच्याच वयाचे एक निर्भय मूल कुत्र्याशी खेळताना दाखवले. चार दिवसांत आठ छोट्या बैठका झाल्या आणि दर बैठकीत ते मूल कुत्र्याच्या थोडे अधिक जवळ जाई. महिनाभराने पाहिले तेव्हाही ही मुले कुत्र्याजवळ जात होती, आणि कधी न पाहिलेल्या दुसऱ्या कुत्र्याजवळही.