भद्रावती, जवाहरनगरच्या कायम जागा कशा आटल्या

ऑर्डनन्समधून, म्हणजे लष्करासाठी दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांतून, कामगारांना घाऊक घरी पाठवल्याची बातमी विदर्भात कधी आली नाही. जागा गेल्या त्या निवृत्तीच्या वाटेने, म्हणून त्यांची ओरडही झाली नाही.

१९६२च्या युद्धानंतर संरक्षणखर्च झपाट्याने वाढला आणि त्याच दशकात अंबाझरी, जवाहरनगर (भंडारा) व भद्रावती इथे आयुधनिर्माणी उभ्या राहिल्या. धातूची कवचं अंबाझरीत, स्फोटकं आणि प्रणोदक (गोळा पुढे ढकलणारी दारू) जवाहरनगरला, कवचांत स्फोटकांची भराई भद्रावतीत, साठा पुलगावच्या डेपोत. यातली एक कडी थांबली की पुढची रिकामी बसते.

सगळं चालतं लष्कराच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर. नव्वदीत आर्थिक संकटामुळे खर्चाला कात्री लागली. इंडेंट घटलं की आधी ओव्हरटाइम जातो (आठवड्याच्या पावणेपंचेचाळीस तासांपुढचा), मग पीसवर्कची (नगावर मिळणारी) कमाई, शेवटी निवृत्तांच्या जागा भरणं थांबतं. कायम माणसाला काढता येत नाही, पण त्याची खुर्ची रिकामी ठेवता येते. २००१मध्ये खासगी उद्योगांना संरक्षण उत्पादन खुलं झालं.

१ ऑक्टोबर २०२१ला आयुधनिर्माणी मंडळच विसर्जित झालं आणि ४१ कारखाने ७ कंपन्यांत वाटले गेले. त्याआधी ऑगस्ट २०१९मध्ये याच बदलाविरुद्ध कामगारांनी देशभर संप केला होता. २०२१च्या अत्यावश्यक संरक्षण सेवा कायद्याने तो मार्गही वर्षभरापुरता बंद केला. आता भद्रावती, जवाहरनगर त्यातल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहेत. डेंजर बिल्डिंगमध्ये, म्हणजे जिथे स्फोटकं हाताळतात तिथे, बरीच भरती कंत्राटी होते: एक वर्ष, वाढवून फार तर चार. त्यासाठी एओसीपी ट्रेडचे (रासायनिक संयंत्र चालवायला शिकलेले) जुने अप्रेंटिसच रांगेत असतात.

अशी कंत्राटी भरती धोक्याची आहे. टीएनटी ८० अंशांच्या आसपास वितळतं. गोळ्यात ओतल्यावर ते सावकाश, खालून वर थिजावं लागतं. घाई झाली की आत पोकळी राहते किंवा भेग पडते, आणि तोफेतून सुटतानाच्या धक्क्याने असा गोळा नळीतच फुटू शकतो. एक्स-रेमध्ये दोष दिसतो, पण तो होऊ न देणं हाताच्या सवयीचं काम आहे. ती सवय मुरेपर्यंत करार संपतो.

अलीकडे मागणी पुन्हा वाढली आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये पिनाका रॉकेटांचे १०,१४७ कोटींचे करार झाले, म्युनिशन्स इंडिया आणि नागपूरच्या खासगी इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज यांच्यात विभागून. काम आलं आहे. त्यावर कायम जागा किती निघतात, हे संघटनांनी आत्ताच लेखी मागायला हवं.