अंग आखडायच्या आत

"अंग आखडायच्या आत मांडी घाला रे!" लातूरकडच्या आमच्या गावात, वैशाखातल्या दुपारी शेजारचे लिंगायत आजोबा गेले, तेव्हा जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, पोचायच्या आधीच एक म्हातारी ओरडली. लिंगायतांत मरण म्हणजे लिंगैक्य. देह बसवून, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून समाधी देतात, आणि ताठलेला देह बसत नाही. त्याच गल्लीत मय्यत झाली की हनुवटी कापडानं बांधतात, डोळे मिटवतात, हातपाय सरळ करतात. ताटीवर न्यायच्या देहाच्या पायांचे अंगठे बांधतात. मेल्यावर पुढं काय, यावर या तिघांचं जमायचं नाही. घाई मात्र तिघांनाही एकाच गोष्टीची.

रक्त गोठतं म्हणून देह ताठतो, असं पुष्कळांना वाटतं. रक्ताचा इथं काही संबंध नाही. स्नायूत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकतात, हे 1954 साली मांडलं गेलं. मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला पकडून वल्ह्यासारखी ओढतात. गंमत अशी, की ही पकड सोडवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन असलेला रेणू, लागतो. श्वास थांबला की ऑक्सिजन नाही. स्नायूत साठवलेल्या साखरेवर, म्हणजे उरलेल्या ग्लायकोजेनवर, थोडा वेळ एटीपी बनतो, मग संपतो. कॅल्शियम कोंडून ठेवणारे पंपही एटीपीवरच चालतात. ते बंद पडले की कॅल्शियम झिरपून ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, पकडीच्या जागा झाकून बसलेलं ट्रोपोमायोसिन बाजूला सरतं, अ‍ॅक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात. डोकी चिकटतात ती चिकटतातच.

सुरुवात सगळीकडं एकदमच होते, पण पापण्या-जबड्याचे स्नायू लहान, म्हणून 2 ते 4 तासांत तिथं आधी कळतं. पूर्ण देहाला 12 तासांच्या आसपास लागतात. आमच्याकडच्या 42 अंशांत त्याहून कमी. तापानं फणफणून किंवा रानात राबता राबता गेलेला माणूस आणखी लवकर ताठतो. त्याचा साठा आधीच खर्ची पडलेला असतो.

"देह मऊ राहिला, पुण्यवान होता" म्हणतात. दीड-दोन दिवसांत प्रथिनं तुटायला लागली की सगळेच मऊ पडतात, गावचा सावकारसुद्धा. आणि पूर्वजांना एटीपी ठाऊक होतं, हा व्हॉट्सॲपवरचा मजकूरही कृपया मला पाठवू नका. त्यांनी मढी पाहिली होती, हात लावून पाहिली होती.

आजोबांना भिंतीला टेकवून बसवलं तेव्हा मान सारखी कलत होती, म्हणून कपाळाला पट्टी लावून ती खुंटीला बांधली. संध्याकाळी विभूती लावायला पट्टी सोडली. मान तशीच ताठ राहिली.