कोळीगीत नेमकं कोणाचं?

नारळी पौर्णिमा जवळ आली की किनाऱ्यावरच्या मंडपांतून ठरलेली गाणी वाजू लागतात. नाखवा, दर्या, होडी आणि मागे बेंजोचा तडाखा. सरसकट सगळ्यांना ‘कोळीगीतं’ म्हणतात, आणि घोळ तिथेच आहे.

कोकणात मासे मारणारे सगळे कोळी नाहीत. उत्तरेला सोनकोळी, रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत. बोली वेगळी, लग्नाच्या रीती वेगळ्या, मग गाणी एक कशी? ती एक केली रेडिओने, तबकड्यांनी आणि पुढे कॅसेटने. मुंबईच्या आसपासच्या कोळीवाड्यांचा ठेका स्टुडिओत पोचला आणि मालवणकडच्या गॅदरिंगमध्येही पोरं तोच रुमाल नेसून नाचू लागली. यातली बरीच गाणी गीतकाराने लिहिलेली, संगीतकाराने बांधलेली. त्यांना लोकगीत म्हणावं का, यावर अजून वाद घालतात. गाणी वाईट नाहीत, माझेही पाय थिरकतात. पण त्यांत पावसाळा फारसा नाही. होडी झावळ्यांनी शाकारलेली, हातात जाळं सांधायची सुई, ताटात सुकट आणि दुकानात उधारी, हे दिवस त्या ठेक्यात बसत नाहीत. कॅसेटमधला नाखवा बारा महिने दर्यात.

घरातली गाणी बायकांकडे होती. ठाणे-रायगडात आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तेव्हा ती करमणूक नसते, विधी असतो. नाव जुनं आहे: तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या एका कवयित्रीने रचलेले ‘धवळे’ही लग्नाचेच. आज हळदीला धवलारणीसाठी डीजे दहा मिनिटं बंद करतात. ती उठली की माइकवरून पुकारा होतो, ‘आता कोळीगीतं!’

दरम्यान ऋतूच सरकला. पूर्वी यांत्रिक नौकांच्या पावसाळी मासेमारीवरची सरकारी बंदी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतलं जे आधी येईल तोवर असे. पंचांगाला आदेशात जागा होती. आता ती १ जून ते ३१ जुलै, सरळ ६१ दिवस. २०२३ साली अधिक श्रावण पडला आणि पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. दर्याला नारळ देऊन ‘आता शांत हो’ म्हणायचं ते ज्या होड्यांसाठी, त्यांना दर्या मोकळा होऊन तोवर महिना होत आला होता.