टर्बोच्या गाडीखालचा काळा डाग

सकाळी गाडी काढली तेव्हा पार्किंगच्या फरशीवर रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग होता. नऊ वर्षांची डिझेल हॅचबॅक, टर्बोवाली. जवळच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज काढला, आत बोट फिरवलं, तेलाने माखलेलं बोट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "टर्बो ऑईल मारतोय साहेब. रिकंडिशन करावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. त्या बोटावरच्या तेलाने टर्बो खराब असल्याचं सिद्ध होत नव्हतं. ते का, हे टर्बोच्या गाडीच्या प्रत्येक मालकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

टर्बोची कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या वाटेत पात्यांचं एक चाक बसवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, आणि त्या दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येतं, म्हणून तेराशे सीसीचं इंजिनही भरल्या गाडीने घाट चढतं. लहान गाडीतला हा दांडा पेनापेक्षाही बारीक असतो आणि मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. 4 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा हिशोब करून बघा: पात्यांची टोकं सेकंदाला 400 मीटरहून जास्त वेगाने धावतात. आवाजाचा हवेतला वेग 340 मीटरच्या आसपास आहे.

एवढ्या वेगाने फिरणारा दांडा धरून कसा ठेवायचा? बहुतेक गाड्यांमध्ये तो पितळी बुशच्या आत तेलाच्या थरावर तरंगतो, आणि ती बुशही बाहेरून तेलावरच तरंगते. हा थर केसापेक्षा पातळ असतो. इंजिन बंद असताना दांडा बोटाने हलवला तर आडवा किंचित हलतो, कारण तेलासाठी ती जागा मुद्दाम सोडलेली असते. त्या हलण्याला घाबरायचं कारण नाही. पुढेमागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाती टर्बोच्या कवचाला आतून घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र टर्बो खरोखर झिजला आहे.

आता सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट. या दांड्यावर रबरी ऑईल सील नसतं. धुराकडची बाजू कित्येक शे अंश तापते, तिथे रबर टिकणार नाही. दोन्ही टोकांना असतात पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या, आणि त्या काही घट्ट बूच नव्हेत. तेल आत राहतं ते मुख्यतः दाबाच्या तोलामुळे: दोन्ही चाकांकडे वायूचा दाब असतो, मधल्या भागात तो कमी असतो, म्हणून तेलाला बाहेर यायचं कारणच उरत नाही. हा तोल बिघडला तर नवाकोरा टर्बोही तेल मारतो.

तोल कशाने बिघडतो? टर्बोला तेल पुरवणारा पाइप बारीक असतो, कारण त्यात पंपाचा दाब असतो. परतीचा पाइप चांगला जाड असतो. बुशमधून बाहेर पडताना तेलाचा हवेशी घुसळून फेस झालेला असतो आणि तो केवळ स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरतो. हा पाइप दबला, काजळीने अरुंद झाला, किंवा कुणी गॅस्केटवर भरपूर सिलिकॉन पेस्ट थापली आणि ती आतल्या बाजूला फुगून आली, तर तेल वर तुंबतं आणि कड्यांच्या फटीतून निघतं. ब्रीदर, म्हणजे इंजिनात साठणारा वायू बाहेर काढणारी वाट, चोक झाला तरी तेच. पिस्टनच्या कडेने निसटलेला वायू चेंबरमध्ये साठतो आणि खालून दाब देऊन परतीचं तेल अडवतो. एअर फिल्टर धुळीने भरला असेल तर हवेकडच्या चाकापाशी ओढ निर्माण होते आणि तेल तिकडे खेचलं जातं. टर्बोला हात लावण्याआधी या तीन जागा बघाव्यात. तिन्ही स्वस्त आहेत.

होजमधल्या तेलाचा उलगडाही इथेच होतो. ब्रीदरमधून येणारा तेलकट वायू बाहेर न सोडता टर्बोच्या आधी हवेच्या वाटेत सोडलेला असतो. त्यामुळे धडधाकट गाडीच्या इंटरकूलरच्या होजमध्येही तेलाचा पातळ थर असतोच. पेलाभर तेल ओतण्यासारखं निघालं तर गोष्ट वेगळी.

मी घरी इंजिन थंड असताना टर्बोच्या आसपासचा भाग ब्रशने स्वच्छ धुतला, वाळू दिला, मग टाल्कम पावडर भुरभुरली आणि थोडं फिरून आलो. पावडरवर तेलाची रेघ लगेच उमटते. शोधताना ध्यानात ठेवायचं की तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, म्हणून ओली दिसणारी सर्वात वरची आणि पुढची जागा धरायची. माझी रेघ परतीच्या पाइपच्या खालच्या जोडापासून निघत होती. तिथली रबरी ओ-रिंग उष्णतेने कडक होऊन तडकली होती. ती बदलली, डाग थांबला.

गळती थांबवायची बाटली मिळते ना, असं बरेच जण विचारतात. त्यातली रसायनं रबर फुगवतात, त्यामुळे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) जुन्या रबरी सीलला थोडा काळ उपयोग होऊही शकतो. टर्बोच्या धातूच्या कड्यांवर तिचा काही परिणाम होत नाही. तेलपुरवठ्याच्या पाइपचा बोल्ट खोलला तर तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. तांबं एकदा दाबलं गेलं की कठीण होतं आणि दुसऱ्यांदा फट नीट भरत नाही.

डाग डोळ्यांना मोठा दिसतो, तेल थोडंच असतं. 20 थेंब म्हणजे साधारण 1 मिलिलिटर. रोज 10 थेंब पडले तरी महिन्याला 15 मिलिलिटर, आणि डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास असतं. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तोच एक थेंब इतका पातळ पसरतो की इंद्रधनुषी रंगांचा हातभर पट्टा दिसतो. तेव्हा जमिनीवर पडणाऱ्या थेंबासाठी दर आठवड्याला डिपस्टिक बघत, सवडीने दुरुस्ती केली तरी चालतं.

दोन वेळा मात्र सवडीची वाट बघायची नाही. तेल तापलेल्या टर्बोवर पडून जळकट वास आणि धूर येत असेल, तर गाडी तिथेच बंद करा, कारण हे आगीचं निमंत्रण आहे. आणि निळा धूर येऊन तेल भराभर कमी होत असेल, तर ते हवेच्या वाटेने इंजिनात जात असण्याची शक्यता आहे. ते फार झालं की डिझेल इंजिन स्वतःच्याच तेलावर पळत सुटतं, आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. गिअर हाताने टाकायची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून सर्वात वरचा गिअर टाकायचा आणि क्लच झटकन सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं. नाहीच पडलं तर सगळ्यांना उतरवून गाडीपासून लांब जायचं.